वाळवंटातली वही : दोन एसी, एक मोरी

गेल्या वर्षी या सदरात खजुराच्या हंगामाबद्दल लिहिताना मी ऑगस्टमधल्या दमट हवेचा ओझरता उल्लेख केला होता. अंक भारतात पोचल्यावर तिकडच्या दोन-तीन नातेवाइकांनी बोटिमवर एकच प्रश्न विचारला, "वाळवंटात कसली गं दमट हवा?" इथे राहणाऱ्यांना या प्रश्नाचं हसू येईल. ऑगस्टमध्ये गाडीतून उतरलं की चष्म्यावर धुकं बसतं. पहाटे खिडकीची काच बाहेरून घामाघूम झालेली असते. दुबई, शारजा, अबू धाबी ही वाळवंटातली शहरं खरी, पण ती समुद्राला टेकून आहेत. आणि हा समुद्र उथळ, तीन बाजूंनी कोंडलेला. उन्हाळ्यात त्याचं पाणी पस्तीस अंशांच्या आसपास तापतं आणि त्याची सगळी वाफ आपल्या अंगावर येते. आत वाळवंटात प्रकार वेगळा. अल ऐनकडच्या सुवैहानला २४ मे २०२५ रोजी ५१.६ अंश तापमान नोंदलं गेलं. तिथल्या तसल्या दुपारी हवा पापडासारखी कोरडी असते. एकाच देशात, गाडीनं तासा-दीड तासाच्या अंतरावर, दोन्ही टोकं.

लग्नाआधी आणि नंतरची काही वर्षं मी शाळेत भूगोल शिकवत होते. आर्द्रतेचा धडा हा मुलांचा नावडता. निरपेक्ष आर्द्रता, सापेक्ष आर्द्रता, दवबिंदू हे तीन शब्द पाठ करायचे आणि परीक्षेत फरक लिहून मोकळं व्हायचं. तो धडा मला पुढे एका रात्री लॅपटॉपसमोर बसून उपयोगी पडेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मीच हसले असते. यंदा त्या रात्रीबद्दल लिहायचं आहे. पण त्याआधी कॉम्प्युटरच्या खोलीबद्दल थोडं सांगते, कारण आपल्यापैकी निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी त्या खोलीच्या भरवशावर पगार घेतं आणि उरलेल्या निम्म्यांचे फोटो तसल्याच कुठल्यातरी खोलीत साठवलेले असतात.

माझ्या पिढीनं कॉम्प्युटर पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या 'कॉम्प्युटर लॅब'मध्ये. बाहेर चपला-बुटांची रांग, खिडक्यांना जाड पडदे, आणि अख्ख्या शाळेतला एकुलता एक एसी. मुख्याध्यापकांच्या डोक्यावर पंखा आणि कॉम्प्युटरला एसी! देवघरात जावं तसे आम्ही मोज्यांवर आत जायचो. त्यात थोडा भाबडेपणा होता, पण अगदीच चूक नव्हतं. धूळ, उष्णता आणि ओल हे तिन्ही शत्रू खरेच आहेत. त्याही आधीचे कॉम्प्युटर तर भट्ट्याच होते. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आपल्याच शास्त्रज्ञांनी बनवलेला 'टिफ्रॅक' १९६० साली सुरू झाला. त्यात सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हसारख्या त्या ट्यूब, प्रत्येक दिव्यासारखी तापणारी. त्या यंत्राच्या खोलीत जमा होणाऱ्या उष्णतेचा विचार करा.

गंमत म्हणजे एसी हे यंत्र मुळात माणसासाठी जन्मलंच नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात रंगीत छपाई बिघडत होती. दमट दिवसात कागद फुगायचा, कोरड्या दिवसात आकसायचा, आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरनं हवेतला ओलावा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. थंडावा हा त्यातला भाग होता, पण दुखणं ओलाव्याचं होतं. तुमच्या हातातल्या या अंकाच्या मुखपृष्ठाचे रंग एकमेकांवर नीट बसले असतील, तर त्यात त्याचाही वाटा आहे.

आपल्याकडे हेच गिरणगावात माहीत होतं. मुंबईत कापडगिरण्या का फोफावल्या, या भूगोलाच्या प्रश्नाच्या उत्तरात 'दमट हवामान' हा मुद्दा असायचाच. कोरड्या हवेत सूत ताठ होतं, तुटतं आणि विजेनं भारलं जाऊन एकमेकांना चिकटतं किंवा दूर पळतं. म्हणून कोरड्या गावातल्या गिरण्यांत मुद्दाम पाण्याचे तुषार सोडून हवा ओली ठेवत.

कॉम्प्युटरलाही हेच सूत्र लागू पडतं, फक्त दोन्ही बाजूंनी. हवा फार कोरडी झाली की स्थिर वीज साठते. हिवाळ्यात इथे लोकरी स्वेटर काढताना तडतड होते किंवा गाडीच्या दाराला हात लावताच झटका बसतो, तीच ही. आपल्याला तो झटका गमतीचा वाटतो, पण मेमरीच्या चिपला त्याच्यापेक्षा कितीतरी लहान, आपल्याला जाणवणारही नाही असा झटका पुरतो. उलट हवा फार ओली झाली, की धातूच्या बारीक जोडांवर गंज चढतो. धूळ आणि समुद्राचं मीठ ओलावा धरून ठेवतात आणि जिथे वीज जायला नको तिथे तिला वाट करून देतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे थंड पृष्ठभागावर थेंबच जमतात.

इथे दवबिंदू समजून घ्यायला हवा. हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. ती थंड करत गेलं की एक तापमान असं येतं, जिथे आता वाफ मावत नाही आणि पाणी सुटायला लागतं. तो दवबिंदू. फ्रिजमधून काढलेल्या ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तो याचमुळे. ऑगस्टमधली दुबईची एखादी रात्र घ्या : ३५ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता. तिचा दवबिंदू जवळजवळ ३० अंश येतो. म्हणजे तीस अंशांपेक्षा थंड असलेली कुठलीही वस्तू बाहेर नेली, की ती ओली होणार. तुमच्या घरातली प्रत्येक वस्तू त्यात आली! या आखाताच्या किनाऱ्यावर, सौदीतल्या दहरानला, जुलै २००३ मध्ये दवबिंदू ३५ अंशांवर गेला होता. अशा हवेत घाम वाळतच नाही, म्हणून जीव नकोसा होतो.

आकडेमोडीची मला हौस आहे, तेव्हा आणखी एक हिशोब. त्या ऑगस्टच्या रात्रीच्या एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम पाणी असतं. २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत तेवढ्याच हवेत असतं ११ ग्रॅम. उरलेले १९ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार चमचे पाणी, एसीला प्रत्येक घनमीटरमागे काढावं लागतं. आपल्या बेडरूमएवढी हवा बाहेरून आत घेतली, की त्यातून एखादा तांब्या पाणी निघतं.

माझा नवरा जेबेल अलीतल्या एका बांधकाम कंपनीत आयटी सांभाळतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांची खोलीही काही सिनेमात दाखवतात तसली निळ्या दिव्यांची नाही. तळमजल्यावर, मागच्या आवाराला लागून, सहा मीटर बाय पाच मीटरची खोली. त्यात पाच कपाटं, म्हणजे रॅक. जमीन दीड फूट उचललेली, चौकोनी फरश्यांची. त्याखालून थंड हवा सोडायची, आणि रॅकसमोरच्या भोकांच्या फरश्यांतून ती वर यायची. सर्व्हर समोरून थंड हवा ओढतात आणि पाठीमागून गरम हवा फेकतात. म्हणून सगळ्यांची तोंडं एका बाजूला आणि पाठी दुसऱ्या बाजूला करायच्या, नाहीतर एकाची उष्ण फुंकर दुसऱ्याच्या नाकात जाते. पंगतीत पान मांडताना जसं वाढप्याला मधून जायला वाट ठेवतो, तशी इथे थंड वाट आणि गरम वाट वेगळी ठेवतात. रिकाम्या खणांना झाकणं लावायची, नाहीतर गरम हवा त्यातून मागून पुढे येते. ही झाकणं अगदी स्वस्त असतात आणि नेमकी तीच कुणी विकत घेत नाही, ही आमच्या घरातली कायमची तक्रार.

घरातला एसी आणि या खोलीतला एसी यांत एक मोठा फरक आहे. माणसं उष्णताही देतात आणि घाम-श्वासातून ओलावाही. सर्व्हरला घाम येत नाही. त्याची उष्णता निव्वळ कोरडी. म्हणून इथला एसी हवा भरपूर फिरवतो, तापमान उतरवतो, पण कोरडी हवा आणखी कोरडी करत बसत नाही. निदान तसं करू नये अशी अपेक्षा असते. आर्द्रता खाली गेली तर यातच बसवलेला छोटा ह्युमिडिफायर वाफ सोडतो. आता शेजारी शेजारी दोन एसी आहेत आणि त्यांच्या मोजपट्ट्यांत दोन-चार टक्क्यांचा फरक आहे अशी कल्पना करा. एक म्हणतो हवा कोरडी आहे, वाफ सोडतो. दुसरा म्हणतो ओली आहे, पाणी काढतो. दोघंही रात्रंदिवस राबतात आणि खोलीत काही फरक पडत नाही. एकाच आमटीत दोघींनी मीठ आणि पाणी आळीपाळीनं घालत बसावं तसं. नवरा नोकरीला लागला तेव्हा तिथे हेच चाललं होतं, आणि विजेच्या बिलात दिसत होतं.

दुसरा वाद तापमानाचा. मोठ्या साहेबांना खोली अठरा अंशांवर हवी. पाहुणे आले की दार उघडताच अंगावर शहारा आला पाहिजे, म्हणजे काहीतरी भारी चाललंय असं वाटतं. अमेरिकेतली अ‍ॅश्रे ही वातानुकूलनाच्या इंजिनिअरांची संस्था यासाठी मार्गदर्शक मर्यादा ठरवते. २००४ मध्ये त्यांनी सर्व्हरच्या तोंडाशी २० ते २५ अंश आणि ४० ते ५५ टक्के आर्द्रता सांगितली होती. २००८ मध्ये ती १८ ते २७ अंश केली, आणि ओलावा टक्क्यांऐवजी मुख्यतः दवबिंदूनं मोजायला सांगितला. वरची सीमा १५ अंश दवबिंदू. खालची पुढे बरीच सैल केली, कारण जमिनीला नीट जोडणी केलेली असेल तर कोरड्या हवेनं वाटत होतं तेवढं बिघडत नाही. म्हणजे २४ अंशांवर सर्व्हर सुखात असतो. अठराच्या हट्टापायी एसीची आतली जाळी जास्त थंड ठेवावी लागते, ती दवबिंदूच्या खाली जाते, आणि हवेतलं पाणी उगाचच गळत राहतं. ते पाणी कुठेतरी जायला हवं. इथे मी त्या रात्रीकडे येते.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. रात्री पावणेदोनला नवऱ्याचा फोन वाजायला लागला : खोलीचं तापमान २७ अंशांच्या वर. दोन्ही एसी बंद. एक बंद पडला तर दुसरा पुरेसा असावा म्हणूनच दोन ठेवतात. दोन्ही एकदम बंद म्हणजे काहीतरी मुळातच बिघडलं होतं. महिनाअखेर होती. कंपनीचे चारशेच्या वर कामगार सोनापूरच्या कॅम्पमध्ये राहतात. इथे २००९ पासून वेज प्रोटेक्शन सिस्टिम आहे. पगाराची फाइल बँकेमार्फत त्या यंत्रणेतूनच जावी लागते आणि ती फाइल सकाळी जायची होती. ती या खोलीतल्या एका सर्व्हरवर तयार होऊन बसलेली. बॅकअप होता, पण नव्या यंत्रावर सगळं उभं करायला दोन दिवस गेले असते. पगार दोन दिवस लांबला तर आपल्यासारख्यांचं फार बिघडत नाही. ज्यांच्या पैशांची गावाकडे शाळेची फी भरायला किंवा हप्त्याला वाट बघत असतात, त्यांचं बिघडतं.

नवरा गाडीत बसला. अल कुसैसहून जेबेल अली रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावरही चाळीस मिनिटं. त्याचा लॅपटॉप माझ्यासमोर, खोलीचा आलेख उघडलेला, आणि फोन स्पीकरवर. मी दर दोन-तीन मिनिटांनी आकडे वाचून दाखवायचे, एवढंच माझं काम. निघताना २७.४ अंश, आर्द्रता ४२ टक्के. मग २८.६, ३९ टक्के. मग २९.९, ३६ टक्के. तापमान चढत होतं आणि टक्के उतरत होते. हे बरोबर आहे. बंद खोलीतलं पाणी तेवढंच असतं, हवा गरम झाली की तिची पाणी मावण्याची ताकद वाढते, म्हणून सापेक्ष आर्द्रता घटते. फळ्यावर मी हेच उदाहरण द्यायचे.

मग ३१.१ अंश, आणि ४७ टक्के.

मला वाटलं वाचताना ओळ चुकली. पुढचा आकडा आला ३१.४ आणि ५६. तापमान वाढत असताना टक्केही वाढले, याचा अर्थ एकच : खोलीत बाहेरून पाणी येत होतं. मी म्हटलं, "अरे, कुणीतरी बाहेरचं दार उघडलंय." तो म्हणाला, "सेन्सर बिघडला असेल, गरमीनं होतं तसं." मी म्हटलं, "दोन सेन्सर आहेत. दोन्ही तेच सांगतायत." त्यानं गाडीतूनच रात्रीच्या गार्डला फोन लावला. बरोबर होतं. गार्ड नेपाळचा, डोंगरातल्या गावचा. खोली तापली म्हटल्यावर बिचाऱ्यानं आवाराकडचं शटर वर केलं होतं आणि एक उभा पंखा दारात लावून बाहेरची हवा आत फेकत होता.

मी त्याला दोष देणार नाही. आपण पुण्या-नाशकात हेच केलं असतं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात रात्रीची बाहेरची हवा म्हणजे गार हवा हेच पक्कं बसलेलं असतं. पण त्या रात्री बाहेर ३३ अंश होते आणि आर्द्रता ८० टक्के. दवबिंदू २९ अंश. बाहेरची हवा खोलीपेक्षा गरम होती, आणि उचललेल्या जमिनीखालचा धातू अजून विशीतच होता. त्याच्यावर थेंब जमायलाच हवे होते. त्या जमिनीखालूनच विजेच्या केबल जातात.

"शटर बंद करो भाई. अंदरवाला दरवाजा खोलो, कॉरिडॉरवाला. पंखा उधर लगाओ." ऑफिसच्या कॉरिडॉरचा एसी वेगळा आणि तो चालू होता. तिथली हवा पंचवीस अंशांची, कोरडी. थोडीच होती, पण तीच उपयोगाची. दहा मिनिटांत माझ्यासमोरचे टक्के ५८ वर थांबले आणि हळूहळू उतरायला लागले. तापमान मात्र ३३ वर गेलं. बहुतेक सर्व्हरना ३५ पर्यंत चालतं असं त्यांचे बनवणारे सांगतात. त्यापुढे ते स्वतःला वाचवायला आधी हळू होतात, मग बंदच पडतात. आणि काम करता करता अचानक बंद पडण्यात फाइलचा जीव जातो.

तो पोचला तेव्हा ३४ होतं. पहिलं काम निवडीचं : काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं. जुन्या नकाशांचा सर्व्हर बंद, चाचणीची यंत्रं बंद, छपाईचं बंद, ईमेलही बंद. उष्णता देणाराच कमी केला की थंडावा कमी लागतो, इतकं साधं. पगाराचा सर्व्हर आणि त्याला जोडलेला साठा एवढंच चालू राहिलं. तापमान ३४.५ वर अडकलं.

मग त्यानं फरशी उचलली. खाली पाणी होतं. आधी वाटलं दवाचं, पण हे एसीच्या पायाशी जास्त होतं. एसीच्या जाळीवरून गळणारं पाणी एका ट्रेमध्ये जमतं आणि पाइपातून बाहेर जातं. ट्रे भरत आला तर तरंगणारा एक छोटा खटका वर उचलला जातो आणि एसी बंद करतो, पाणी सांडू नये म्हणून. तो खटका दोन्ही एसींमध्ये वर होता. एसींना काहीच झालं नव्हतं, दोघंही शहाण्यासारखे थांबले होते. दोघांचे पाइप भिंतीत शिरल्यावर एकाच पाइपाला जोडलेले होते आणि तो तुंबला होता. मोटर दोन, पंखे दोन, विजेच्या लाइनी दोन, आणि मोरी एक.

जवळच राहणारा मल्याळी एसी मेकॅनिक साडेतीनला आला. एवढ्या रात्री, तसल्या हवेत, मागच्या आवारात पालथा पडून त्यानं पाइपाचं तोंड शोधलं आणि हवेच्या दाबानं आतून काळी, चिकट, शेवाळासारखी वीतभर लांबीची गुठळी बाहेर काढली. "साब, ये देखो. गर्मी नहीं, पानी का लफडा है." बादलीभर पाणी भडाभडा वाहिलं, खटके खाली बसले, चार वाजून वीस मिनिटांनी दोन्ही एसी सुरू झाले. इथे घाई करायची नसते. बंद ठेवलेले सर्व्हर आता थंड हवेसमोर होते आणि खोलीत ओलावा अजून होता. नवऱ्यानं फरशीखालचं पाणी पुसून घेतलं, आर्द्रता पन्नासच्या खाली येईपर्यंत थांबला, आणि मगच एकेक यंत्र सुरू केलं. पगाराची फाइल नऊला गेली. घरी परत आल्यावर त्यानं अंघोळ केली, पोहे खाल्ले आणि झोपायच्या आधी म्हणाला, "तू ते सत्तेचाळीस बघितलंस म्हणून बरं." आमच्याकडे कौतुकाची ही कमाल मर्यादा आहे.

नंतर झालेल्या बैठकीत तिसरा एसी घ्यावा असा सूर होता. नवऱ्यानं दुसरा पाइप मागितला. तिसऱ्या एसीच्या तुलनेत तो कितीतरी स्वस्त, म्हणूनच बहुधा मंजूर व्हायला जास्त वेळ लागला. आता दोन्ही एसींना वेगळे पाइप आहेत, उतार नीट आहे, आणि दर गुरुवारी एक माणूस प्रत्येक ट्रेमध्ये मगभर पाणी ओतून ते बाहेर पडतं का ते बघतो. खोली २४ अंशांवर आली, त्यामुळे पाणीही कमी निघतं. दारावर हिंदी, इंग्रजी आणि नेपाळीत पाटी आहे : एसी बंद पडल्यास बाहेरचं शटर उघडू नये. नेपाळी मजकूर त्याच गार्डनं लिहून दिला.

मोठ्या प्रमाणावर हाच व्यवहार आता आपल्या आजूबाजूला सगळीकडे चाललाय. दुबईच्या वाळवंटातल्या मोहम्मद बिन राशिद अल मक्तूम सोलर पार्कमध्ये मोरो हबचं सौरऊर्जेवरचं डेटा सेंटर २०२३ मध्ये सुरू झालं. अबू धाबीत ५ गिगावॅटचं एआय संकुल उभं करायची घोषणा मे २०२५ मध्ये झाली. तिथल्या यंत्रांना हवा पुरत नाही, थेट पाण्याचे किंवा द्रवाचे पाइप चिपपर्यंत नेतात. तरीही कुठला पाइप दवबिंदूच्या खाली जातो आणि त्यावरचं पाणी कुठे वाहून जातं, हे तिथल्या माणसांनाही रोज बघावं लागणार. विदर्भातली माणसं विचारतील, की मग कूलर का नाही लावत? कोरड्या हवेत पाणी उडवून गारवा मिळतो, हे नागपूरच्या मे महिन्यात छान चालतं आणि कोरड्या प्रदेशातली डेटा सेंटर तेच करतातही. पण आधीच भिजलेल्या ऑगस्टच्या हवेत कूलर लावणं म्हणजे कोकणात जुलैमध्ये वाळवण घालण्यासारखं आहे.

एसीच्या या पाण्याकडे दुर्लक्ष न करणारी माणसंही इथे आहेत. बुर्ज खलिफात असं गळणारं पाणी गोळा करून बागेला देतात. ते वर्षाला सुमारे दीड कोटी गॅलन भरतं म्हणे. सासूबाई गेल्या उन्हाळ्यात आल्या तेव्हा त्यांनी आमच्या बाल्कनीतल्या पाइपाखाली पहिल्याच दिवशी बादली लावली. त्या पाण्यावर आमची तुळस, कढीपत्ता आणि अळू जगले, फरशी पुसली गेली. पिऊ मात्र नका. जाळीवरची धूळ आणि तांब्याचा अंश त्यात उतरतो.

त्या रात्रीनंतर मी लेकाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी हाच विषय दिला. हॉलच्या दीड टनाच्या एसीखाली मापं केलेली बादली, रोज रात्री आठ ते सकाळी सहा, वहीत नोंद. ऑगस्टमधली सगळ्यात मोठी नोंद साडेआठ लिटर. सप्टेंबरच्या शेवटी ती चारवर आली. ज्या रात्री आमच्याकडे आठ-दहा पाहुणे होते आणि दार सारखं उघडत होतं, त्या रात्रीचा आकडा शेजारच्या रात्रींपेक्षा दीड लिटरनं जास्त आहे; लेकानं त्यापुढे कंसात 'गणपती' असं लिहून ठेवलंय.

आमचा आकडा कुसैसचा, समुद्रापासून थोडा आत. रास अल खैमा, फुजैरा आणि अबू धाबीच्या मैत्रिणींनी पुढच्या ऑगस्टमध्ये एक आठवडा बादली लावून आपापले आकडे मंडळाच्या पत्त्यावर पाठवावेत. अल ऐनकरांनी तर नक्की पाठवा, तुमचाच आकडा बघायची मला सगळ्यात उत्सुकता आहे. पाइपातून पाणी येतच नसेल, तर आधी एसीवाल्याला बोलवा.